चाकाचे तुकडे

दोन आठवडे इथे काही लिहिलं नाही, कारण दोन्ही वीकेंड हात काळे करण्यात गेले. प्रोजेक्टचं रिलीज नव्हतं. चाकं खोलत होतो.

झालं असं. माझा एक कॉलेजमित्र (मेकॅनिकलचा, पण सध्या माझ्यासारखाच जावा लिहून पोट भरतो) याने पुण्यात एका भंगारवाल्याकडून चार जुनी अलॉय व्हील्स उचलली. जर्मन, बीबीएस बनावटीची, सोळा इंची, तीन तुकड्यांची. मधे जाळीसारखी नक्षी, बाहेर रुंद चकचकीत ओठ, आणि त्या ओठाच्या आतल्या कडेने गोलाकार ओळीत लहान लहान बोल्ट. चकचकीत म्हणजे एके काळी असणार. आमच्या हातात आली तेव्हा वार्निशखाली पांढरी बुरशी धरलेली, दोन बोल्टांची डोकी तुटलेली, आणि एका चाकावर आधीच्या मालकाने मारलेला चंदेरी स्प्रे. वर त्यांच्यावर जुने टायरही तसेच, आणि त्यात थोडी हवाही होती. ती हवा लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पुण्यात फ्लॅटच्या पार्किंगमध्ये असले उद्योग सोसायटीचे सेक्रेटरी करू देत नाहीत. म्हणून चारही चाकं डिकीत टाकून आम्ही निघालो माझ्या मामाकडे, देवळाली प्रवऱ्याला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे नाशिकजवळचं देवळाली नाही. हे राहुरी तालुक्यातलं, नगर जिल्ह्यातलं. (२०२४ पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच येतं, सवय जाईल हळूहळू.) नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरी लागली की आलंच. मामाचं घर मळ्यात, घरामागे गोठा, गोठ्याला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये व्हाइस, ग्राइंडर आणि वेल्डिंगचं मशीन. आम्हा दोघांना स्वर्ग.

तीन तुकड्यांचं चाक म्हणजे काय ते आधी सांगतो. साधं अलॉय व्हील एकसंध ओतलेलं असतं. तीन तुकड्यांच्यात मधली जाळी वेगळी, आतला डबा वेगळा आणि बाहेरचा ओठ वेगळा. तिन्ही एकावर एक बसवून तिशीच्या घरात बोल्टांनी आवळायचं आणि सांध्यावरून सीलंटची गोल रेघ ओढायची, म्हणजे हवा जात नाही. ही पद्धत रेसिंगमधून आली. ओठ वाकला तर पूर्ण चाक फेकायचं नाही, फक्त ओठ बदलायचा. रुंदी वाढवायची तर जाळी तीच ठेवून डबा बदलायचा. आमच्या भाषेत मोड्युलर डिझाइन. बीबीएस ही कंपनी १९७० साली जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिल्टाख या गावी सुरू झाली. बाउमगार्टनर आणि ब्रांड ही दोन संस्थापकांची नावं आणि शिल्टाख हे गाव, या तिघांची आद्याक्षरं म्हणजे बीबीएस. हे कळेपर्यंत मला ती काहीतरी जडजंबाल जर्मन संज्ञा वाटायची. आपल्याकडे 'राम-श्याम गॅरेज, श्रीरामपूर' असावं तसंच आहे ते. १९८३ साली त्यांचं आरएस हे मॉडेल आलं आणि जगभरच्या गाडीवेड्यांनी ते डोक्यावर घेतलं. कंपनीने मात्र २००७ पासून एकाहून अधिक वेळा दिवाळखोरी पाहिली. असो.

अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाची कल्पना याहून बरीच जुनी. १९२४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ल्यों शहराजवळच्या ग्रां प्री शर्यतीत बुगाटीने टाइप ३५ नावाची गाडी उतरवली. तिची चाकं ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला आणि कडेची रिम सुटी करता येणारी. बाकी सगळे तेव्हा तारेच्या चाकांवर धावत होते. त्या दिवशी बुगाटीच्या टायरांनी दगा दिला आणि शर्यत हातची गेली, पण चाकं टिकली. पुढे त्याच गाडीने शर्यतींमागून शर्यती मारल्या.

तर, शनिवारी सकाळी चहा घेऊन आम्ही कामाला लागलो. मित्राने बारा कोनी सॉकेट लावलं, पान्याला पाइप जोडला आणि पहिल्या बोल्टवर वजन टाकणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"ओ भाचे! हात काढा आधी!"

भाचे म्हणजे मी. मामाच्या गावाला गेलं की सगळं गाव आपल्याला भाचे म्हणतं, वय कितीही असो. आवाज देणारे होते टायरवाले चाचा. हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, मामाच्या ट्रॅक्टरचे टायर तेच बघतात, त्या दिवशी पैसे घ्यायला आले होते. साठीचा माणूस, पण असा धावत आला की मित्राच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी खिशातून चिमट्यासारखं काहीतरी काढलं आणि व्हॉलची पिन काढून टाकली. फुस्स करून हवा गेली. ती संपूर्ण जाईपर्यंत चाचांनी कोणालाही चाकाजवळ येऊ दिलं नाही. मग म्हणाले, "हवा असताना चाकाचा नट सोडायचा नाही. गाडीचा नट वेगळा, चाकाचा नट वेगळा."

मला तेव्हा थोडं अतीच वाटलं. तीस पौंड हवा ती काय! संध्याकाळी वहीत हिशोब मांडला. सोळा इंची चाक, टायरच्या बाजूच्या भिंतीवर पडणारा दाब, त्या वर्तुळाकार पट्टीचं क्षेत्रफळ. पूर्ण हवा असताना त्या बोल्टांवर ओठ बाहेर ढकलणारा जोर दीड टनाच्या वर येतो. आमच्या टायरात अर्धीच हवा होती म्हणू, तरी पाऊण टन. मित्राचं तोंड चाकापासून वीतभर अंतरावर होतं. रात्री जेवताना तो नेहमीपेक्षा कमी बोलला.

चाचांना हे कुठून माहीत, ते पुढे येईलच. मधे थोडा इतिहास, कारण एकदा 'तुकड्यांचं चाक' डोक्यात शिरल्यावर मला त्या परिसरात जिकडे तिकडे तेच दिसायला लागलं.

सगळ्यात आधी मामाच्या गोठ्यात. तिथे कडब्यामागे आजोबांच्या बैलगाडीचं एक चाक उभं आहे. जोडीदार चाक केव्हाच सरपणात गेलं. लहानपणी मी त्यावर चढून खेळलोय, पण इंजिनिअर म्हणून पहिल्यांदाच बघत होतो. मधे तुंबा, म्हणजे लाकडी ठोकळ्याचा गाभा. त्यात ठोकलेले बारा आरे. आऱ्यांच्या टोकांवर सहा पुठ्ठे, म्हणजे गोलाईत कापलेले लाकडाचे तुकडे, एकेका पुठ्ठ्यात दोन दोन आरे. आणि सगळ्यांवरून लोखंडी पट्टा, त्याला म्हणतात धाव. तुंब्यावरची कडी आणि आतली लोखंडी नळी सोडली तर मोजून वीस तुकडे. बोल्ट शून्य. सीलंट तर नाहीच. सगळा भार त्या धावेवर.

धाव चढवणं हे काम मामाने लहानपणी पाहिलंय. सुतार चाक तयार करून द्यायचा, बाभळीचं. लोहार धाव बनवायचा, आणि ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड ठेवायचा. मग जमिनीवर धाव आडवी ठेवून तिच्यावर गोवऱ्या रचून पेटवायच्या. धाव लाल झाली की चौघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायची, घणाने ठोकत बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट, जळक्या लाकडाचा वास, आणि लाकूड करकरायला लागायचं. मामा म्हणतो तो करकर आवाज म्हणजे चाक पास. आरे तुंब्यात आणि पुठ्ठ्यात घट्ट दाबले जाताहेत याचा तो आवाज.

आता हिशोब करा. चाकाचा व्यास धरा १.४ मीटर, म्हणजे घेर साधारण ४.४ मीटर. लोखंड दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. पाचशे अंश तापवलं तर ४.४ मीटरची धाव २६ मिलिमीटरने वाढते. एक इंच! तेवढाच आखूडपणा लोहाराला खेळायला मिळायचा. त्यातला थोडा चढवताना सैल म्हणून आणि उरलेला आवळायला. अर्धा इंच इकडे तिकडे झालं तर एक तर धाव चढणार नाही, नाही तर चढून ढिली राहणार, किंवा आरेच वाकणार. आम्ही थर्ड इयरला 'श्रिंक फिट' नावाचा धडा शिकलो, तीन मार्कांचं डेरिव्हेशन होतं. वाफेच्या रेल्वे इंजिनांच्या चाकांवरचे पोलादी टायरही याच पद्धतीने तापवून चढवायचे. मापासाठी लोहाराकडे काय असायचं? मामा म्हणाला, एक लहान चकती. ती चाकावरून फिरवून वेढे मोजायचे, खडूने खूण करायची, मग तीच चकती पट्टीवर फिरवायची. कॅल्क्युलेटर नाही, पाय नाही. घेराला घेर मोजायचा, पायची गरजच काय!

आणि हे चाक जिवंत असायचं, म्हणजे हवामानाप्रमाणे वागायचं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं की धाव ढिली पडायची, खडखड वाजायची. मग चाकं काढून पाण्यात टाकायची. इथे पाण्याला तोटा नाही, कारण भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे या भागात खेळले. कालव्याला इथे पाट म्हणतात. आजोबांची चाकं उन्हाळ्यात रात्रभर पाटात बुडवून ठेवलेली असायची, खुंटीला दोर बांधून, चोरीला जाऊ नयेत म्हणून.

त्याच पाटाच्या पाण्याने या चाकाचा घात केला, हे मला नंतर लक्षात आलं. पाणी आलं म्हणून ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, पुढे टिळकनगर, आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचली असतील. मग राहुरीचा कारखाना आला आणि त्याच्या नावाने राहुरी फॅक्टरी ही वसाहतच झाली. ऊस तोडल्यावर पटकन गाळावा लागतो, उशीर झाला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणजे वाहतूक आली. लोखंडी धावेची गाडी जड, हळू, आणि रस्त्याची वाट लावणारी. धाव अरुंद असते, सगळं ओझं दोन बोटांच्या पट्टीवर, ती खडीचा रस्ता सुरीसारखा कापते. तिने पाडलेल्या घळीला आपण चाकोरी म्हणतो. 'चाकोरीबाहेरचं करिअर' वगैरे शब्द आपण प्रेझेंटेशनमध्ये वापरतो, ती चाकोरी ही! पुढच्या गाडीची चाकंही त्याच घळीतून जाणार, दुसरीकडून गेलं तर गाडी उलटणार.

तेव्हा उसासाठी रबरी चाकांच्या गाड्या आल्या. लोखंडी आस, बेअरिंग, हवेचे टायर, म्हणजे जवळपास मोटारीचंच चाक बैलामागे जोडलेलं. बैलांची जोडी तीच, ओझं दुप्पट. ऊसतोडीच्या धंद्यात आजही या फरकावरून नावं आहेत. स्वतःची बैलगाडी घेऊन येणाऱ्यांचं 'गाडी सेंटर', कारखान्याची टायरगाडी भाड्याने घेणाऱ्यांचं 'टायर सेंटर', आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्यांचं 'डोकी सेंटर'. पाथर्डी-बीडकडून दिवाळीच्या सुमारास येणारं कुटुंब चार-पाच महिने कसं जगणार, हे बऱ्याच अंशी चाक कुठलं यावर ठरतं.

बैलाचं काय झालं हा वेगळा प्रश्न. दुप्पट ओझं म्हणजे मानेवर जू तेवढंच जड. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी आयुष्याचा मोठा भाग बैलगाडी सुधारण्यात घालवला, आणि मॅनेजमेंटवाले लोक त्यांना हसायचे म्हणे. त्यांचं म्हणणं साधं होतं: देशात एवढा माल बैलगाडीवर जातो तर तिचं इंजिनिअरिंग कोणीच का करत नाही? गंमत म्हणजे त्याच बंगळुरात १९८१ साली इस्रोने आपला अ‍ॅपल उपग्रह बैलगाडीवर ठेवून त्याच्या अँटेनाची चाचणी घेतली. कारण मोटारीच्या लोखंडाचा त्रास नको होता. तो फोटो फॉरवर्ड करून लोक अजून हसतात. हसू नका, ते व्यवस्थित विचार करून निवडलेलं वाहन होतं.

साखर आणि मोटार यांचं नातं आपल्याकडे तसं जुनंच. रावळगाव आणि वालचंदनगर इथे साखर कारखाने काढणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिची पद्मिनी आपल्यापैकी निम्म्यांच्या घरात कधी ना कधी होती. (आमच्याकडे होती. पांढरी. धक्का मारण्यात माझं बालपण गेलं.)

आता चाचांकडे येऊ.

टायरगाडीच्या पाठोपाठ उसाचे ट्रक आले. टाटांनी १९५४ साली जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली. ट्रकचा टायर इतका जाड आणि ताठ असतो की तो मोटारीसारखा रिमच्या कडेवरून ओढून चढवता येत नाही. म्हणून रिमच तुकड्यांची. मुख्य रिमला एका बाजूला कडाच नाही. टायर, ट्यूब आणि फ्लॅप त्या उघड्या बाजूने आत सरकवायचा, मग बाजूची रिंग बसवायची, आणि शेवटी खाचेत एक चिरलेली लॉक रिंग ठोकायची. बोल्ट वगैरे काही नाही. हवा भरली की टायर रिंगला बाहेर ढकलतो आणि रिंग लॉकवर दाबून बसते. हवाच तिला जागेवर धरते. हुशार रचना आहे, रस्त्याच्या कडेला टॉमी आणि घण यांवर काम होतं. पण लॉक खाचेत पूर्ण बसला नसेल, गंजला असेल, वाकला असेल, किंवा दुसऱ्याच रिमचा असेल, तर तीच हवा त्या रिंगची तोफ करते. वीस इंची चाक, शंभर पौंड हवा: माझ्या वहीतला आकडा पंधरा टनांच्या आसपास येतो. आणि हवा भरणारा माणूस बरोबर समोर उकिडवा बसलेला असतो, हातात घण घेऊन, लॉक बसला का ते ठोकून बघत.

रविवारी दुपारी आम्ही चाचांच्या दुकानावर गेलो, तुटलेले बोल्ट काढायला त्यांच्याकडचं ड्रिल हवं होतं. कोपऱ्यात एक पिंजरा होता. सळयांचा, जाड, एक बाजू उघडी. मला वाटलं कोंबड्यांचा. विचारलंही, "चाचा, कोंबड्या कुठंयत?" ते हसले नाहीत. म्हणाले, "चाक ठेवायचा पिंजरा आहे तो."

मग सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ. दुसऱ्याच कोणाच्या दुकानावर कामाला होता, याच हायवेला. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ, भरलेला ट्रक अडकलेला, ड्रायव्हर घाई करतोय. लॉक जुना होता, भावाने मालकाला तसं सांगितलंही होतं. मालक म्हणाला, एवढी खेप जाऊ दे. चाचा तेव्हा चौदा वर्षांचे, भावाचा डबा घेऊन आले होते आणि कॉम्प्रेसरजवळ उभे होते. आवाज इतका मोठा झाला की त्यांना वाटलं ट्रकच फुटला. रिंग भावाच्या चेहऱ्याला लागून मागच्या लिंबाच्या झाडात रुतली. नगरला नेईपर्यंत भाऊ गेला होता. चाचा पुढे दोन दिवस एका कानाने बहिरे होते, एवढंच सांगून ते थांबले. मालकाने काय दिलं हे मी विचारलं नाही. मित्राने विचारलं. "कफन," चाचा म्हणाले.

स्वतःचं दुकान टाकल्यावर त्यांनी पहिली वस्तू बनवून घेतली ती हा पिंजरा. कॉम्प्रेसर सेकंडहँड, जॅक उधारीवर, पण पिंजरा नवा. लांब नळी लावून, चाक पिंजऱ्यात ठेवून, बाजूला उभं राहून हवा भरायची. इतर दुकानवाले हसायचे. ड्रायव्हर कटकट करायचे, कारण चाक उचलून आत ठेवायला पाच मिनिटं जास्त जातात.

घरी येऊन मी शोधलं. अमेरिकेत अशाच अपघातांत इतकी माणसं गेली की १९८० मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने तुकड्यांच्या ट्रक चाकांसाठी स्वतंत्र नियम काढला: सुटे भाग एकमेकांना जुळणारेच हवेत, कामगाराला प्रशिक्षण हवं, खोलण्याआधी व्हॉलची पिन काढून पूर्ण हवा सोडायची, आणि हवा भरताना चाक पिंजऱ्यात किंवा तशाच अडथळ्यात हवं. १९८४ मध्ये तो नियम एकसंध रिमनाही लागू केला. चाचांनी यातलं काही वाचलेलं नाही. मी फोनवर तो नियम मराठीत सांगितला तर म्हणाले, "मग, बरोबरच आहे ना."

लष्कराने हे फार आधी ओळखलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला दोन अर्ध्यांची बोल्टने जोडलेली चाकं असायची, मैदानात टायर पटकन बदलता यावा म्हणून. ब्रिटिश लष्करी गाड्यांच्या अशा चाकांवर रिम जोडणारे नट लाल रंगवायचे. अर्थ: हे हवा असताना सोडू नका. चाचांचं 'गाडीचा नट वेगळा, चाकाचा नट वेगळा', फक्त रंगात लिहिलेलं. नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव, १९९४ पासून तिथे रणगाडा संग्रहालय आहे आणि शाळेत असताना आमची सहल तिथे गेली होती. तेव्हा मी फक्त तोफा बघितल्या. आता परत जाऊन तिथली चाकं बघायची आहेत.

जाता जाता आणखी एक, कारण ते इतकं जवळ आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथून फार लांब नाही, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्याच काठी दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना चार धातूच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जोडलेला रथ, त्यात उभा असलेला माणूस. सगळ्या मिळून साठ किलोंहून जास्त. बहुतेक पुरातत्त्वज्ञ त्यांना उत्तर-हडप्पाकालीन मानतात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. सगळ्यांचं मात्र एकमत नाही, धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून वाद झालेला आहे. मी त्या रथाचे फोटो पूर्वीही पाहिले होते, पण नजर नेहमी त्या माणसावर जायची. या वेळी चाकं बघितली. भरीव, एकसंध. आरे नाहीत, पुठ्ठे नाहीत, धाव नाही. प्रवरेकाठचं आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं चाक एका तुकड्याचं आहे, आणि आता नव्या ट्रकांवर ट्यूबलेस टायरची रिमही एकाच तुकड्याची येते. चाचांच्या दुकानात लॉक रिंगा आता भिंतीला टांगलेल्या असतात, कमीच निघतात. मधला सगळा काळ तुकड्यांचा.

आमच्या चाकांचं सांगायचं राहिलंच. बोल्ट निघता निघेनात. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसला आणि त्यात ओल गेली की दोन धातूंची चक्क बॅटरी होते, अ‍ॅल्युमिनियम खात जातं आणि त्याची भुकटी आट्यांत घट्ट बसते. मित्राने इंटरनेटवर वाचून कॉस्टिक सोड्यात बुडवायचं सुचवलं. नशीब मामी जवळ होती, ती म्हणाली अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सोड्याने काळं पडतं, भोकं पडतात. रसायनशास्त्र तेच सांगतं, पण ते आम्हाला आठवलं नव्हतं. मग डिझेल आणि तेलाचं मिश्रण रात्रभर, सकाळी हीट गन, आणि पाना आधी आवळायच्या दिशेने चिमूटभर, मग सोडायच्या. टक् असा आवाज आला की जीव भांड्यात. चार चाकांत पाच बोल्ट तुटले, ते चाचांच्या ड्रिलने काढले.

ओठ सरळ करून घेतले, चारशे-आठशे-बाराशे अशा चढत्या नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासले. बारा तास. मामाने येऊन बघितलं आणि विचारलं, एवढ्या पैशात नवी नसती आली का? आली असती.

चाकं जोडली, नवे बोल्ट टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळले, सीलंट लावून आठवडाभर वाळू दिलं. गेल्या शनिवारी पहिलं चाक टायर चढवून चाचांच्या पिंजऱ्यात ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमची जर्मन जाळी आणि भोवती चाचांच्या सळया. चाचा बाजूला उभे राहिले, आम्हाला दोन पावलं मागे सरकवलं, आणि बत्तीस पौंडांवर नळी बंद केली. मग हवा टिकतेय का बघायला साबणाचं पाणी फिरवलं. सांध्यावर एका ठिकाणी, व्हॉलच्या बरोबर समोर, एक बुडबुडा हळूहळू मोठा व्हायला लागला.

चाचांनी पिन काढली. हवा जाऊ दिली. मग म्हणाले, "खोला परत."

येत्या शनिवारी पुन्हा देवळाली.